तिसऱ्या ओळीतली लाट

विणकामाचा छापील पॅटर्न पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला तो मजकूर वाटतच नाही. के, पी, के टू टॉग, वायओ, एसएसके, मध्येच एक तारा, मध्येच कंस, कंसात आकडे. सुया धरता येतात, सुलट-उलट टाका येतो, आईने किंवा मावशीने समोर बसून शिकवलेला मफलर पुरा झालेला असतो, आणि तरीही हा कागद पुढे आला की हात थांबतो. मग संक्षेपांची यादी शोधली जाते आणि पाठांतर सुरू होतं. यादी लागते, ती जवळ असावी. पण नुसत्या यादीने पॅटर्न उलगडत नाही. पॅटर्नला स्वतःची रचना असते, लय असते, तो काही गोष्टी बोलतो आणि काही मुद्दाम बोलत नाही. सावकाश वाचला तर सुई हातात घेण्याआधीच त्यातून कापड दिसायला लागतं. मला ते वाचन फार आवडतं, आणि नवशिक्यालाही ते पहिल्याच आठवड्यात जमू शकतं अशी माझी खात्री आहे. त्यासाठी चारच ओळींचा एक पॅटर्न घेऊ.

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड बेटं आहेत. तिथली एक जुनी जाळीची वीण ‘ओल्ड शेल’ नावाने प्रसिद्ध आहे. बाहेरच्या पुस्तकांत ती बहुधा ‘फेदर अँड फॅन’ या नावाखाली सापडते. शेटलंडच्या बायका रोजच्या वापराच्या उबदार शाली विणत, त्यांना ‘हॅप’ म्हणतात. या हॅपच्या रुंद किनारीला ही वीण असे, आणि पांढरा, करडा, तपकिरी अशा मेंढ्यांच्या मूळ रंगांचे पट्टे तिच्यातून लाटांसारखे वळत जात. याच बेटांपैकी अन्स्ट बेटावरच्या शाली इतक्या तलम, की अंगठीतून ओढून काढता येत. यातली बहुतेक विद्या कागदावर नव्हतीच. ती आईच्या हातातून मुलीच्या हातात जायची. कागदावर आली तेव्हा तिचं रूप असं झालं:

टाके १८च्या पटीत.
ओळ १: के.
ओळ २: पी.
ओळ ३: * (के टू टॉग) ३ वेळा, (वायओ, के १) ६ वेळा, (के टू टॉग) ३ वेळा, * पासून पुन्हा.
ओळ ४: के.
या ४ ओळी पुन्हा पुन्हा.

एवढंच. अख्खी किनार यात आहे.

पहिलं वाक्य ओळींच्या क्रमांकातही धरलेलं नाही, म्हणून नवशिका ते सोडून पुढे जातो. खरं तर सगळ्यात मोठं विधान तेच आहे. टाके १८च्या पटीत, म्हणजे सुईवर ३६ घाला, ५४ घाला, ७२ घाला, पण ५० घालाल तर तिसऱ्या ओळीत १४ टाके बेवारस उरतील. मफलर किती रुंद हवा याचा निर्णय विणणारीचा. पण तो निर्णय १८च्या पायऱ्यांनीच घ्यायचा. दोन्ही कडांना दोन-दोन जादा टाके ठेवले तर कड सरळ राहते. ते पॅटर्न सांगत नाही, कारण ही वीण कुठे वापरायची हे त्याने तुमच्यावर सोडलं आहे.

मग ओळ १ आणि ओळ २. के म्हणजे सुलट, पी म्हणजे उलट. मराठी टिपणवह्यांत आपण ‘सु.’ आणि ‘उ.’ लिहितो, तेच. पण या दोन अक्षरांपाशी थोडं थांबायला हवं. सुलट आणि उलट हे दोन वेगळे टाके आहेत असं शिकणाऱ्याला वाटतं. ते तसे नाहीत. एकच फास आहे. तो समोरून पाहिला तर गुळगुळीत दिसतो आणि मागून पाहिला तर त्याची गाठीसारखी उंच कड दिसते. सपाट विणताना प्रत्येक ओळीनंतर आपण काम फिरवतो, म्हणजे एक ओळ कापडाच्या दर्शनी बाजूने विणतो आणि पुढची मागच्या बाजूने. म्हणून दर्शनी बाजूने सुलट आणि मागच्या बाजूने उलट असं आलटून पालटून विणलं की दर्शनी बाजू सगळी गुळगुळीत येते. ओळ १ आणि ओळ २ नेमकं हेच करतात. त्या दोघी मिळून साध्या, शांत कापडाची एक अरुंद पट्टी तयार करतात. इथे काहीच घडत नाही, आणि ते तसंच हवं आहे. तिसऱ्या ओळीला मोकळी जागा लागते.

आता चौथी ओळ बघा. दुसरी ओळ मागच्या बाजूने होती आणि तिथे पी होतं. चौथीही मागच्याच बाजूने आहे, पण तिथे के आहे. एका अक्षराचा फरक. मागच्या बाजूने सुलट विणलं, म्हणजे दर्शनी बाजूला त्या टाक्यांच्या गाठी आल्या. गुळगुळीत कापडावर गाठींची एक बारीक उंच रेघ उमटली. तिसऱ्या ओळीत कापड वळायला लागलेलं असतं, आणि चौथी ओळ त्या वळणावर ही रेघ ओढते, म्हणून लाट डोळ्यांना दिसते. चौथ्या ओळीत चुकून पी विणलं तर वीण मोडत नाही, टाके बरोबर राहतात, जाळीही येते. पण लाटेची कड बोथट होते. ते एक अक्षर टाके घटवत नाही की वाढवत नाही. केवळ दिसण्यासाठी ते तिथे ठेवलेलं आहे.

आणि तिसरी ओळ. इथे कंस आले, तारा आला. के टू टॉग म्हणजे दोन टाक्यांत एकदम सुई घालून दोनाचा एक सुलट टाका. वायओ म्हणजे लोकर सुईवरून पुढे घेऊन एक मोकळा वेढा देणं. त्यातून नवा टाका जन्मतो आणि त्याच्याखाली छिद्र राहतं. जाळीची सगळी वीण या दोन क्रियांवर उभी आहे: एकीकडे दोनाचा एक, दुसरीकडे शून्यातून एक. आता हिशेब मांडा. तीन वेळा दोनाचा एक: ६ टाके गेले, ३ आले. मग सहा वेळा ‘वेढा आणि एक सुलट’: ६ टाके गेले, १२ आले. पुन्हा तीन वेळा दोनाचा एक: ६ गेले, ३ आले. तीन अधिक बारा अधिक तीन, अठरा. जितके घेतले तितके परत केले. ओळीच्या दोन टोकांना टाके कमी झाले, मधल्या भागात वाढले, एकूण रुंदी तीच. एका ओळीत इतकी उलथापालथ करून पुन्हा तंतोतंत मूळ जागी येणं, हे या मजकुराचं पहिलं सौंदर्य.

दुसरं सौंदर्य ताऱ्याच्या खुणेत आहे. तारा सांगतो, इथून पुन्हा सुरू करा. म्हणजे एका अठरावाल्या घराच्या शेवटचे तीन ‘दोनाचा एक’ संपले की लगेच पुढच्या घराचे पहिले तीन सुरू होतात. कागदावर ते तीन आणि तीन आहेत, कापडावर मात्र सलग सहा. सहा घटवलेले, सहा वाढवलेले, सहा घटवलेले, सहा वाढवलेले. लिहिणाऱ्याने अठराचं घर दरीच्या बरोबर मध्यावर कापलं आहे, म्हणून कागदावर दरी अर्धी-अर्धी दिसते. एकदा हे लक्षात आलं की ओळ पाठ करावीच लागत नाही. कडा सोडल्या तर सहा-सहाची आवर्तनं मनात धरली की पुरे.

आणि मग लाट येते कुठून? पॅटर्नमध्ये लाटेचा उल्लेखही नाही. कुठेही ‘वळवा’, ‘वाकवा’ असं म्हटलेलं नाही. जिथे टाके वाढले तिथे टाक्यांच्या उभ्या रांगा एकमेकींपासून दूर सरकतात, पंख्याच्या काड्या उलगडाव्यात तशा, आणि आडवी ओळ तिथे वर उचलली जाते. जिथे दोनाचे एक झाले तिथे रांगा एकत्र येतात आणि ओळ खाली ओढली जाते. सहा टाके वर, सहा टाके खाली. सुरुवातीला टाके घातले ती कडसुद्धा सरळ राहत नाही, तीही नागमोडी होते. लाट ही संख्यांच्या मांडणीचा परिणाम आहे, वेगळी सूचना नाही. हा मजकूर कृती सांगतो आणि आकार गृहीत धरतो, आणि वाचकाचं काम त्या दोहोंमधलं अंतर ओलांडायचं.

एक बारकावा राहिला. या ओळीतला प्रत्येक ‘दोनाचा एक’ के टू टॉगच आहे. के टू टॉग विणला की वरचा टाका उजवीकडे कलतो. डावीकडे कलणारा टाका हवा असेल तर एसएसके: दोन टाके एकेक करून सुलट घालतात तसे उजव्या सुईवर सरकवायचे आणि मग दोन्ही मागून एकत्र विणायचे. काही आधुनिक पॅटर्नकार दरीच्या एका बाजूला के टू टॉग आणि दुसऱ्या बाजूला एसएसके घालून ओल्ड शेल नीट सममित करतात. मला जुनं रूप जास्त आवडतं. वळण इतकं ठळक असतं की कलाचा फरक डोळ्यात येत नाही, आणि एकच क्रिया सहा वेळा करण्यातली लय हाताला मिळते. शेटलंडच्या बायका चालता-बोलताही विणत असत; त्यांना ही लय हवीच असणार.

एसएसके हे नाव फार जुनं नाही. त्याचं श्रेय अमेरिकेच्या बार्बरा वॉकर यांना दिलं जातं. त्यांचा ‘अ ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स’ हा विणींचा मोठा संग्रह १९६८मध्ये आला. त्याआधी डाव्या कलासाठी ‘एक सरकवा, एक सुलट विणा, सरकवलेला त्याच्यावरून काढा’ अशी लांबलचक वाट होती, आणि ती अजूनही पॅटर्नमध्ये भेटते. संक्षेपांची सवय त्याहून बरीच जुनी. एडिनबर्गमध्ये विणकाम-भरतकामाच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या जेन गॉगेन यांनी १८४०च्या आपल्या ‘द लेडीज असिस्टंट’ या पुस्तकात क्रियांना अक्षरं नेमून दिली. त्यांची अक्षरपद्धत आज कोणी वापरत नाही, पण कल्पना रुजली. एकच क्रिया हजार वेळा लिहायची असेल तर तिला एक अक्षर पुरे.

हे वाचताना मला संस्कृत व्याकरणातली सूत्रं आठवतात. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असं तिथे म्हटलं जातं. पॅटर्न लिहिणारीलाही तो आनंद ठाऊक असावा. आणि साम्य नुसत्या काटकसरीचं नाही. सूत्रांमध्ये अनुवृत्ती असते: वरच्या सूत्रातलं पद खालच्या सूत्रात न लिहिताही चालू राहतं, आणि ते कुठवर चालतं हे वाचणाऱ्याला कळावं लागतं. पॅटर्नमध्येही तेच. ‘ठरल्याप्रमाणे विणत राहा’ एवढंच लिहिलेलं असतं. काय ठरलं होतं ते अर्धं पान मागे असतं. ‘पाठीप्रमाणेच मुंढ्यापर्यंत’ असं पुढच्या भागात म्हटलं की पाठीचा सगळा मजकूर त्या एका वाक्यात येऊन बसतो. ‘आकार उलटा घ्या’ एवढ्या तीन शब्दांत डाव्या बाजूवरून उजवी बाजू आपण आपली घडवायची असते, म्हणजे जिथे मुंढा उजवीकडे घटवला तिथे आता डावीकडे, आणि जिथे के टू टॉग तिथे एसएसके. संक्षेपांची यादी पाठ असूनही इथे अडायला होतं. यादीत अक्षरं असतात, अनुवृत्ती नसते.

स्वेटरच्या पॅटर्नमधलं माझ्या मते सगळ्यात कठीण वाक्य ‘त्याच वेळी’ हे आहे. इंग्रजी पॅटर्नमध्ये ते बहुधा ठळक मोठ्या अक्षरांत असतं, आणि तरीही हुकतं. व्ही गळ्याचा पुढचा भाग असेल, तर मुंढ्यासाठी प्रत्येक दुसऱ्या ओळीला एक टाका घटवायचा हे सांगून झालं, परिच्छेद पुरा झाला, आपण दहा ओळी विणल्या, आणि मग पुढच्या परिच्छेदात ते वाक्य: त्याच वेळी, गळ्यासाठी दर चौथ्या ओळीला एक टाका. दोष लिहिणाऱ्याचा नाही. मजकूर एका पाठोपाठ एकच गोष्ट सांगू शकतो; स्वेटरला मात्र मुंढा आणि गळा एकदम लागतात. कापड एकाच वेळी दोन्ही कडांनी बदलत असतं आणि भाषा मागून येत असते. म्हणून कपड्याचा पॅटर्न सुई उचलण्याआधी शेवटपर्यंत वाचावा, पेन्सिल हातात घेऊन. जिथे ‘त्याच वेळी’ आहे तिथून वरच्या परिच्छेदापर्यंत बाण काढावा. आपल्या मापाचा आकडा सगळीकडे गोल करून ठेवावा, कारण कंसात ८६ (९१, ९७) असे आकडे असतील तर ते वेगवेगळ्या मापांचे असतात आणि पानापानावर त्याच क्रमाने येतात. तुमचं माप दुसरं असेल तर संपूर्ण पॅटर्नमध्ये दुसरा आकडाच तुमचा.

संक्षेप देशागणिक आणि काळागणिक बदलतात, तेव्हा पॅटर्न कुठला आणि कधीचा हेही वाचावं लागतं. अमेरिकन पॅटर्न वेढ्याला नुसतं वायओ म्हणतो. ब्रिटिश पॅटर्न तो वेढा कोणत्या दोन टाक्यांच्या मध्ये येतो ते बघून वेगवेगळी नावं देतो: दोन सुलट टाक्यांमध्ये लोकर नुसती पुढे आणायची, दोन उलट टाक्यांमध्ये सुईभोवती पूर्ण फिरवायची. सुरुवातीला हा भेद जाचक वाटतो, पण ब्रिटिश पॅटर्न तुमच्या बोटांना अधिक मदत करतो. जुन्या पॅटर्नमध्ये ‘एम १’, म्हणजे एक टाका वाढवा, असं आलं तर सावध राहावं. तेव्हा त्याचा अर्थ बहुधा वेढाच असे आणि छिद्र पडे. आज त्याच खुणेने दोन टाक्यांमधला आडवा दोरा उचलून पिळून विणतात आणि छिद्र पडू देत नाहीत. जाळीच्या शालीत दुसरा अर्थ धरला तर शाल बंद कापडाची होते. क्रोशात हा घोटाळा आणखी मोठा: अमेरिकेत ज्याला डबल म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये ट्रेबल म्हणतात. आपला ‘खांब’ आणि ‘मुका खांब’ त्या मानाने किती निःसंदिग्ध आहेत.

सुयांच्या नंबरांबद्दल मात्र आपल्याकडे जपायला हवं. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची. अमेरिकन नंबर उलट्या दिशेने चालतात. तिथली १० नंबरची सुई ६ मिलिमीटरची. अमेरिकन पॅटर्न समोर ठेवून घरातली १० नंबर घेतली तर बाळंतविड्यातल्या टोपड्याचं बाहुलीचं टोपडं होईल. मिलिमीटर बघावेत, नंबर नव्हे.

आणि माप. प्रत्येक पॅटर्नच्या डोक्यावर एक ओळ असते: १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके, ३० ओळी, अशी. ही ओळ पॅटर्नमधल्या प्रत्येक आकड्याखाली दडलेली असते. २२० टाक्यांचा घेर म्हणजे १०० सेंटिमीटर छाती, हे त्या ओळीवरून. तुमचा हात सैल असेल आणि तुमचे २० टाके १० सेंटिमीटरमध्ये बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटिमीटर होतील. पॅटर्नमधला एकही शब्द चुकणार नाही आणि स्वेटर दोन माणसांचा होईल. लहानसा चौकोन विणून बघायचा कंटाळा कोणी करू नये.

काहींना अक्षरांपेक्षा आलेख सोपा जातो, चौकोनांत खुणा भरलेला. तो खालून वर वाचायचा, दर्शनी बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे, म्हणजे सुई जशी जाते तसा. जपानी पुस्तकांत या खुणा इतक्या ठरलेल्या असतात की जपानी अक्षरही न ओळखणारी बाई त्यावरून विणू शकते. आलेखात आकार आधीच दिसतो, हा त्याचा मोठा गुण. तरी मी ओल्ड शेल अक्षरांतच वाचते. तीन, सहा, तीन ही मोजणी मनात म्हणता येते. आलेख म्हणता येत नाही.

हे सगळं हातात यायला एक छोटा तुकडा पुरे. ४ मिलिमीटरची सुई, म्हणजे आपली ८ नंबर, मध्यम जाडीची फिकट रंगाची लोकर. गडद रंगात टाके दिसत नाहीत. ४० टाके घाला: दोन वेळा अठरा आणि दोन्ही कडांना दोन-दोन, ते चार टाके प्रत्येक ओळीत सुलटच. तिसरी ओळ पुरी झाली की पुढे जाऊ नका, सुईवरचे टाके मोजा. कडा सोडून ३६ आले पाहिजेत. ३५ आले तर एक वेढा राहिला आहे. सुलट टाक्यांच्या मध्ये जिथे मोकळा दोरा दिसत नाही ती जागा शोधा, तिथेच तो द्यायचा होता. वेढा हा तिसऱ्या ओळीत नुसता सुईवर टाकलेला दोरा असतो, चौथ्या ओळीत विणला गेल्यावरच त्याचा टाका होतो, म्हणून चौथी ओळ विणताना तो घसरू देऊ नका. चार ओळींचं आवर्तन तीन वेळा झालं की कापड मांडीवर सपाट ठेवून हलकेच आडवं ताणा आणि कागदावरची तिसरी ओळ पुन्हा वाचा, बोट कापडावर ठेवून, एकेका संक्षेपासाठी एकेक जागा दाखवत.